स्क्रम, कानबान, एक्स्पी की सेफ? संस्थेला मानवेल अशी अजाईल पद्धत निवडताना

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या बहुतेक संस्था आज स्वतःला अजाईल, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करत बदल सामावून घेणाऱ्या, म्हणवतात; मात्र त्यांनी नेमकी कोणती पद्धत स्वीकारली आणि ती का स्वीकारली असे विचारले, तर ‘क्लायंट स्क्रम वापरतो म्हणून’ किंवा ‘आमचे सीटीओ (तंत्रज्ञान प्रमुख) आधी जिथे होते तिथे हेच होते म्हणून’ यापलीकडे उत्तर क्वचितच मिळते. ज्या निर्णयावर पुढची कितीतरी वर्षे टीममधल्या प्रत्येकाचे रोजचे काम अवलंबून राहणार आहे, तो इतक्या सहजपणे घेतला जावा हे मला योग्य वाटत नाही. म्हणून या परीक्षणात प्रत्यक्ष वापरात असलेल्या प्रमुख पद्धती मी एकमेकींशेजारी ठेवून पाहणार आहे. माझ्या नजरेसमोर आहे ती वीस ते तीनशे माणसांची मध्यम संस्था. मग ती स्वतःचे उत्पादन विकणारी असो, हिंजवडीत किंवा खराडीत बसून परदेशी क्लायंटचे काम करणारी असो, किंवा एखाद्या बँकेचा आयटी विभाग असो.

कोणत्याही पद्धतीला बरे-वाईट म्हणण्यापूर्वी ती कशावर तोलायची हे ठरले पाहिजे. माझ्या अनुभवात तीन प्रश्न निर्णायक ठरतात. टीमकडे काम कसे येते, म्हणजे आधी ठरवून येते की फोन वाजला की येते. कोणते काम आधी करायचे आणि कोणते अजिबात करायचे नाही हे सांगण्याचा खरा अधिकार कोणाकडे आहे आणि तो माणूस टीमपासून किती दूर बसतो. आणि लिहून झालेला बदल ग्राहकाच्या हाती पडायला किती वेळ, किती मंजुऱ्या आणि किती धोका लागतो. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे अभ्यासक बॅरी बोहम आणि रिचर्ड टर्नर यांनी २००३ मध्ये पद्धत निवडण्यासाठी पाच घटक मांडले होते: टीमचा आकार, चूक झाल्यास होणारे नुकसान, गरजा बदलण्याचा वेग, माणसांचे कौशल्य आणि संस्थेची कार्यसंस्कृती. हे पाचही घटक आजही उपयोगी आहेत, आणि पुढे जागोजागी ते येतीलच; पण निर्णयाच्या बैठकीत माझे तीन प्रश्न अधिक लवकर उत्तरापर्यंत नेतात, कारण त्यांची उत्तरे टिकेटांच्या, म्हणजे टीमकडे आलेल्या विनंत्यांच्या, नोंदींतून काढता येतात.

यांतल्या तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व अलीकडेच सर्वांना दिसले. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने दरांची फेररचना जाहीर केली, बहुतांश वस्तूंसाठी असलेले १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोडून ५ आणि १८ टक्के हे मुख्य टप्पे ठेवले, आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले. बिलिंगचे, हिशेबाचे किंवा मालसाठ्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या हातात अवघे १९ दिवस होते, आणि काम केवळ एक आकडा बदलण्याचे नव्हते: आधीच्या तारखेची बिले जुन्या दराने दिसली पाहिजेत, जुन्या बिलावरच्या परताव्याची क्रेडिट नोट मूळ दरानेच निघाली पाहिजे, आणि दुकानदाराच्या संगणकावर हा बदल ठरलेल्या रात्रीच चालू झाला पाहिजे. अशा वेळी स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, दोन आठवड्यांचा आहे की तीन, याला फारसे महत्त्व उरत नाही. टेस्ट आपोआप चालतात का आणि नवी आवृत्ती न घाबरता बाहेर काढता येते का, यावर सारे ठरते. अजाईल पद्धतींच्या तुलनेत हा मुद्दा बहुधा शेवटी येतो. मी तो मुद्दाम आधी घेतला आहे.

अजाईल ही स्वतः एक पद्धत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांनी जो जाहीरनामा लिहिला, त्यात चार मूल्ये आणि बारा तत्त्वे आहेत. बैठका, पदे, तक्ते यांचा त्यात आराखडा नाही. तेथे आलेल्यांपैकी अनेक जण आपापली पद्धत आधीपासून वापरत होते: स्क्रम, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, डीएसडीएम, क्रिस्टल आणि फीचर ड्रिव्हन डेव्हलपमेंट या सगळ्या पद्धती जाहीरनाम्याहून जुन्या आहेत आणि प्रत्येकीचा जन्म वेगळ्या अडचणीतून झाला आहे. ती मूळची अडचण आपली आहे का, हे पाहिल्याशिवाय पद्धत उचलू नये.

सर्वाधिक पसरलेल्या स्क्रमपासून सुरुवात करतो. जेफ सदरलँड यांनी १९९३ मध्ये ईझेल कॉर्पोरेशनमध्ये ती प्रथम वापरली आणि केन श्वेबर यांच्यासह १९९५ मध्ये ती जाहीरपणे मांडली. तिची अधिकृत मार्गदर्शिका २०१० पासून विनामूल्य मिळते. सध्या प्रचलित असलेली आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची आहे आणि ती तासाभरात वाचून होते. टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची, स्प्रिंट एक महिन्याहून मोठा नाही, रोजची बैठक १५ मिनिटांची. महिनाभराच्या स्प्रिंटसाठी नियोजनाला जास्तीत जास्त आठ तास, रिव्ह्यूला (झालेले काम दाखवण्याच्या बैठकीला) चार आणि रेट्रोला (आपल्या कामाच्या रीतीत काय सुधारायचे हे पाहण्याच्या बैठकीला) तीन, असा तिचा सांगाडा आहे. टीमला एक लय मिळते, दर काही दिवसांनी चालते-बोलते काम वापरणाऱ्यांसमोर ठेवावे लागते, आणि ‘नव्वद टक्के झाले आहे’ असे महिनोन्‌महिने सांगत राहण्याची सोय उरत नाही, हे तिचे खरे गुण आहेत. नव्याने बांधल्या जाणाऱ्या उत्पादनासाठी, जिथे गरजा हळूहळू उलगडत जातात आणि एकच टीम सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम करू शकते, तिथे स्क्रमला मी पहिली पसंती देईन.

लोकांच्या तक्रारी मात्र बहुधा अशा गोष्टींविषयी असतात, ज्या मार्गदर्शिकेत मुळातच नाहीत. स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाजी आकडा), व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या पॉइंटांची बेरीज), यूजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली गरज) हे सारे नंतर जोडले गेले आहे किंवा अन्य पद्धतींतून आले आहे. दोन टीमच्या व्हेलॉसिटीची तुलना करून एकीला आळशी ठरवणे हा प्रकार मी पाहिला आहे, आणि त्याचा परिणाम सगळीकडे एकच होतो: पुढच्या तिमाहीत तेवढेच काम मोठ्या आकड्यांनी अंदाजले जाते. यात दोष मोजणाऱ्यांचा आहे, पण स्क्रम स्वीकारताना संस्थेने याविषयीचा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा, कारण नंतर तो करणे फार अवघड जाते.

स्क्रमची खरी दुबळी बाजू प्रॉडक्ट ओनरच्या खुर्चीत आहे. ही पद्धत गृहीत धरते की प्राधान्य ठरवणारी एकच व्यक्ती आहे, तिचा शब्द अंतिम आहे आणि ती टीमला उपलब्ध आहे. ऑफशोअर कामात, म्हणजे परदेशी क्लायंटसाठी येथून केलेल्या कामात, ही व्यक्ती न्यू जर्सीत किंवा फ्रँकफर्टमध्ये असते, आणि पुण्यात तिच्या जागी एक बिझनेस ॲनालिस्ट बसवला जातो, ज्याच्याकडे माहिती असते पण अधिकार नसतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी आपला फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा आहे. सकाळी उद्भवलेल्या शंकेचे उत्तर संध्याकाळी उशिरा येते आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी उघडले जाते. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे दिवस दहा. एकाच स्टोरीवर एकापाठोपाठ तीन शंका निघाल्या, तर तीन दिवस केवळ वाट पाहण्यात जातात, आणि स्प्रिंटच्या शेवटी दोष मात्र डेव्हलपरच्या अंदाजावर येतो. अशा संस्थेने स्क्रम घ्यायचा असेल, तर करारातच क्लायंटकडून दोन गोष्टी मान्य करून घ्याव्यात: रोज ठरावीक वेळेला निर्णय देऊ शकणाऱ्या व्यक्तीची हजेरी, आणि ठरावीक मर्यादेपर्यंतचे निर्णय पुण्यातल्या माणसाने स्वतः घेण्याची लेखी मुभा. या दोन्ही मिळत नसतील, तर स्क्रमच्या सर्व बैठका होतील आणि काम पूर्वीच्याच वेगाने चालेल.

दुसरी अडचण अवचित येणाऱ्या कामाची आहे. ज्या टीमच्या वेळेचा तिसरा हिस्सा प्रॉडक्शनमधल्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या सॉफ्टवेअरच्या, तक्रारी निस्तरण्यात जातो, तिने सोमवारी ठरवलेले स्प्रिंटचे ध्येय बुधवारपर्यंत मोडलेले असते. आठवड्यामागून आठवडे ध्येय चुकत राहिले की टीम ते गांभीर्याने घेणे सोडून देते. देखभालीचे काम मोठे असलेल्या विभागाला मी स्क्रम सुचवणार नाही. त्यांच्यासाठी कानबान आहे.

कानबान हे नाव टोयोटाच्या कारखान्यातून आले, हे बहुतेकांना ठाऊक असते. सॉफ्टवेअरच्या कामात ती कशी उतरली याची कथा मात्र आपल्याकडे हवी तितकी सांगितली जात नाही, आणि तिचा एक धागा थेट भारतात आहे. २००४-०५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत आयटी विभागासाठी देखभालीचे काम करणारी एक टीम हैदराबादेत होती आणि तिचे व्यवस्थापन अमेरिकेतून होत असे. सॉफ्टवेअरमध्ये कानबान रुजवणाऱ्या डेव्हिड अँडरसन यांच्या मदतीने तेथील कामाचा प्रवाह तपासला गेला, तेव्हा असे दिसले की प्रत्येक नव्या विनंतीचा अंदाज ठरावीक मुदतीत द्यावाच लागत होता, त्यासाठी डेव्हलपर आणि टेस्टर हातातले काम बाजूला ठेवत होते, आणि टीमच्या क्षमतेचा फार मोठा वाटा या अंदाजांतच खर्ची पडत होता. शिवाय अंदाज दिलेल्या कितीतरी विनंत्या पुढे कधी केल्याच जात नव्हत्या. अंदाज देणे बंद केले गेले, एका वेळी हाती असलेल्या कामाला मर्यादा घातली गेली, आणि जागा रिकामी झाली की पुढची विनंती कोणती घ्यायची एवढेच ठरवायला संबंधित विभागांना सांगितले गेले. जे काम पूर्ण व्हायला महिनोन्‌महिने लागत होते, ते वर्षभराच्या आत काही आठवड्यांवर आले. त्यासाठी माणसांवर अधिक तास काम करण्याची सक्ती झाली नव्हती.

यामागचा हिशेब साधा आहे आणि तो रांगांचा गणिती अभ्यास करणाऱ्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला होता. हाती असलेली कामे भागिले आठवड्याला पूर्ण होणारी कामे, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. टीम आठवड्याला चार कामे संपवत असेल आणि एका वेळी वीस कामे उघडी असतील, तर प्रत्येकाला सरासरी पाच आठवडे लागणार. उघडी कामे आठवर आणली आणि संपवण्याचा वेग तसाच राहिला, तर तोच काळ दोन आठवड्यांवर येतो. व्यवस्थापकांना ही गोष्ट पटवून देणे कठीण जाते, कारण रिकामा बसलेला डेव्हलपर डोळ्यांना दिसतो आणि रांगेत पडून राहिलेले काम दिसत नाही. म्हणूनच कानबानचा फळा, म्हणजे कामाच्या प्रत्येक टप्प्याला एक रकाना असलेला तक्ता, भिंतीवर लावणे हे तिचे सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी महत्त्वाचे अंग आहे. रकान्यांवर मर्यादेचा आकडा नसेल, किंवा तो ओलांडला गेल्यावर कोणी काम थांबवत नसेल, तर ती संस्था कानबान वापरत नाही; तिच्याकडे कामांची एक सुबक यादी आहे, एवढेच म्हणता येईल.

कानबानचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो: ती आज जसे चालले आहे तिथूनच सुरुवात करायला सांगते. पदे बदलावी लागत नाहीत, कोणाचे व्हिजिटिंग कार्ड नव्याने छापावे लागत नाही, विभागप्रमुखाला आपला अधिकार गेल्यासारखे वाटत नाही. बँकेसारख्या श्रेणीबद्ध संस्थेत हा फार मोठा फायदा आहे. याच सौम्यपणात तिचा धोकाही आहे. ठरावीक दिवशी काम दाखवण्याचे बंधन नसल्याने नवख्या टीममध्ये वापरणाऱ्याशी बोलणे मागे पडते आणि मोठे, अनिश्चित काम रकान्यात नुसते पडून राहते. अनुभवी माणसे कमी असलेल्या टीमला मी आधी काही महिने स्क्रमची लय देईन आणि मग मर्यादित रांगांकडे नेईन. दोन्हींचे मिश्रण करण्यात काहीही गैर नाही. दर पंधरवड्याला रिव्ह्यू आणि रेट्रो, पण काम घेणे मात्र रांगेतून, अशी रचना मध्यम आकाराच्या उत्पादन संस्थांत मला सर्वांत टिकाऊ वाटली आहे.

आता एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, म्हणजे एक्स्पी. या पद्धतीविषयी मी उघडपणे पक्षपाती आहे. केंट बेक यांनी १९९६ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर तिची घडण सुरू केली. तो प्रकल्प २००० मध्ये बंद करण्यात आला, आणि एक्स्पीचे टीकाकार त्याचा दाखला देतात. तो दाखला दडवण्याचे कारण नाही. तरीही त्या प्रकल्पातून पुढे आलेल्या सवयी, म्हणजे आधी टेस्ट लिहिणे, दिवसातून अनेकदा सर्वांचा कोड एकत्र जोडणे, कोडची सतत डागडुजी करणे, जोडीने प्रोग्रॅमिंग, छोट्या छोट्या रिलीज आणि झेपेल एवढ्याच तासांचे काम, या आज जगभर उत्तम सॉफ्टवेअरच्या पाया समजल्या जातात. स्क्रम आणि कानबान काम कसे आखायचे आणि कसे वाहते ठेवायचे ते सांगतात. कोड कसा लिहायचा याविषयी दोन्ही गप्प आहेत. ती जागा भरली नाही, तर पहिले सहा-आठ स्प्रिंट छान जातात, नंतर प्रत्येक बदलामागे जुने काहीतरी मोडू लागते, टेस्टिंगचा काळ वाढत जातो, आणि शेवटी ‘हार्डनिंग स्प्रिंट’ नावाने जुनाच टेस्टिंगचा टप्पा परत येतो.

एक्स्पी पूर्णपणे स्वीकारणाऱ्या संस्था थोड्या आहेत, आणि कारणेही खरी आहेत. तासांवर बिल करणाऱ्या कंपनीत एका कामावर दोन डेव्हलपर बसवले, तर क्लायंट प्रश्न विचारणारच. टेस्टिंगची टीम वेगळी, तिचा व्यवस्थापक वेगळा आणि तिचे बिलही वेगळे असेल, तर डेव्हलपरने टेस्ट लिहायच्या की नाहीत यावरून मानापमान सुरू होतो. माझी शिफारस अशी की जोडीने काम करण्याची सक्ती सरसकट करू नये. जिथे नियम गुंतागुंतीचे आहेत, पैसे चुकण्याचा धोका आहे किंवा नवा माणूस टीममध्ये आला आहे, तिथे ती वापरावी. आधी टेस्ट लिहिण्याची शिस्त मात्र व्याज, कर, पगार, सवलत यांसारख्या हिशेबांच्या कोडला बिनशर्त लावावी. वर सांगितलेल्या दरबदलाच्या वेळी जिच्याकडे अशा टेस्टचा संच होता, ती टीम दर बदलून संच चालवून पाहू शकत होती. जिच्याकडे नव्हता, तिला माणसे बसवून एकेक बिल हाताने तपासावे लागत होते.

संस्था मोठी झाली की एकाच उत्पादनावर पाच, दहा, पंधरा टीम काम करू लागतात आणि त्यांचे परस्परावलंबन हाच मुख्य प्रश्न होतो. येथे सर्वांत जास्त विकली जाणारी पद्धत म्हणजे डीन लेफिंगवेल यांनी २०११ मध्ये आणलेली सेफ. साधारण ५० ते १२५ माणसांचा एक गट, आठ ते बारा आठवड्यांचा एक नियोजनकाळ, आणि त्याच्या सुरुवातीला सर्वांनी एकत्र बसून केलेले दोन दिवसांचे नियोजन, हा तिचा गाभा आहे. हे दोन दिवस मला सेफमधली सर्वांत उत्तम गोष्ट वाटते. कोणाचे काम कोणावर अडले आहे हे एरवी तिसऱ्या महिन्यात कळते; येथे ते पहिल्याच दुपारी भिंतीवर दिसते आणि दोन टीमचे लोक समोरासमोर तोडगा काढतात. पण बाकीचा पसारा मोठा आहे. पदांची संख्या वाढते, पदांसोबत बैठका वाढतात, आणि ज्यांना जुनी श्रेणीरचना तशीच राखायची आहे त्यांना नव्या नावांनी ती राखता येते. एकूण डेव्हलपर पन्नासहून कमी असतील, तर सेफचा विचारही करू नये. त्याहून मोठ्या संस्थेनेही तिचा सर्वांत लहान प्रकार घ्यावा आणि वरचे थर गरज सिद्ध झाल्याशिवाय चढवू नयेत.

क्रेग लारमन आणि बास व्होडे यांची लेस ही पद्धत नेमकी उलट्या बाजूने येते. दोन ते आठ टीमसाठी एकच बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) आणि एकच प्रॉडक्ट ओनर, आणि प्रत्येक टीम ग्राहकाला उपयोगी पडणारे संपूर्ण वैशिष्ट्य स्वतः पूर्ण करणारी असली पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. म्हणजे डेटाबेसची टीम, यूआयची (पडद्यावर दिसणाऱ्या भागाची) टीम, एपीआयची (प्रणालींना एकमेकींशी जोडणाऱ्या भागाची) टीम अशी विभागणी मोडावी लागते. विचार म्हणून मला हा सेफपेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण परस्परावलंबन सांभाळण्याऐवजी ते नाहीसे करण्याचा प्रयत्न यात आहे. वास्तवात यासाठी संस्थेच्या प्रमुखाने विभागांच्या सीमा पुसायची तयारी दाखवावी लागते, आणि खालून कोणीही हा बदल घडवू शकत नाही. प्रमुखाचा पाठिंबा पक्का असेल तरच लेस घ्यावी. तीन ते नऊ टीमसाठी श्वेबर यांनी २०१५ मध्ये मांडलेली नेक्सस हा मधला, सौम्य पर्याय आहे. स्क्वाड, ट्राइब, चॅप्टर ही स्पॉटिफायची २०१२ ची रचना अनेक जण उचलतात. ती एका कंपनीची त्या काळातली स्थिती सांगणारी टिपण होती, दुसऱ्या कोणी जशीच्या तशी बसवावी अशी पद्धत नव्हती, त्यामुळे तिला मी या तुलनेत गुण देत नाही.

स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या लहान कंपन्यांनी बेसकँपच्या रायन सिंगर यांनी २०१९ मध्ये मांडलेली शेप अप जरूर अभ्यासावी. तीत सहा आठवड्यांचे चक्र आणि त्यानंतर दोन आठवड्यांची उसंत असते. ‘याला किती वेळ लागेल?’ असे विचारण्याऐवजी ‘या गोष्टीसाठी आपण किती वेळ द्यायला तयार आहोत?’ असे विचारून कामाला आकार दिला जातो, आणि सहा आठवड्यांत न संपलेले काम आपोआप पुढे ढकलले जात नाही. अनुभवी डिझायनर आणि डेव्हलपर एकत्र असतील तिथे हे सुंदर चालते. दर आठवड्याला प्रगतीचा अहवाल मागणारा बाहेरचा क्लायंट असेल तिथे चालणार नाही.

सेवा देणाऱ्या कंपन्यांचा सर्वांत अवघड प्रश्न मात्र पद्धतीचा नसून कराराचा आहे. ठरावीक रक्कम, ठरावीक तारीख आणि शंभर पानांची ठरावीक गरजांची यादी अशा करारावर सही झाल्यानंतर आतमध्ये स्प्रिंट चालवले, तरी बदल स्वीकारण्याची मोकळीक कोणालाच नसते. प्रत्येक बदलामागे चेंज रिक्वेस्ट आणि तिच्यामागे वाटाघाटी येतात. सरकारी निविदांचीही हीच स्थिती आहे. अशा वेळी १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली डीएसडीएम ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत व्यवहार्य उत्तर देते, आणि ती आपल्याकडे इतकी दुर्लक्षित का राहिली याची मला खंत वाटते. ती वेळ, खर्च आणि दर्जा पक्के ठेवते आणि व्याप्ती लवचीक ठेवते. गरजा चार वर्गांत विभागल्या जातात: अत्यावश्यक, महत्त्वाच्या, असल्यास बऱ्या, आणि या खेपेला नकोत अशा. अत्यावश्यक कामांना एकूण श्रमांच्या साठ टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये, असा तिचा दंडक आहे. करारात अत्यावश्यक भागाची हमी द्यायची आणि उरलेल्या भागात समान आकाराच्या कामांची अदलाबदल क्लायंटला विनामूल्य करू द्यायची, ही तरतूद कायदेशीर भाषेत लिहिता येते आणि क्लायंटच्या खरेदी विभागालाही ती समजते. आतली टीम मग स्क्रम वापरो की कानबान.

पुणे परिसरातल्या वाहनांच्या सॉफ्टवेअरविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण येथे हे काम मोठ्या प्रमाणावर होते. ब्रेक, स्टिअरिंग, बॅटरी यांच्या नियंत्रणाला २०११ पासून आयएसओ २६२६२ हे सुरक्षेचे मानक लागू होते, आणि तेथे प्रत्येक गरजेपासून टेस्टपर्यंतचा माग ठेवावा लागतो. अशा कामात अजाईल चालत नाही असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. छोट्या टप्प्यांत बांधणी आणि सतत जोडणी येथेही लाभते, फक्त तो माग स्प्रिंटच्या ‘पूर्ण झाले’च्या व्याख्येतच समाविष्ट केला पाहिजे. सहा महिन्यांनी कागदपत्रे मागाहून तयार करण्याचा बेत असेल, तर जुनी टप्प्याटप्प्याची व्ही-मॉडेलची रीतच अधिक सुरक्षित आहे.

निवड करताना सल्लागाराला बोलावण्यापूर्वी संस्थेने आपल्याच नोंदी उघडाव्यात. गेल्या दोन तिमाहींत बंद झालेली टिकेटे घ्यावीत आणि प्रत्येकाच्या तारखा पाहाव्यात: विनंती केव्हा आली, कामाला हात केव्हा लागला, कोड केव्हा पूर्ण झाला, ग्राहकापर्यंत केव्हा पोचले. हात लागण्यापूर्वीचा काळ सर्वांत मोठा असेल, तर एकाच वेळी फार कामे स्वीकारली जात आहेत आणि कानबानच्या मर्यादा आधी लावाव्यात. कोड पूर्ण झाल्यानंतरचा काळ मोठा असेल, तर एक्स्पीच्या सवयी आणि रिलीजची यंत्रणा यांवर खर्च करावा. बैठका बदलून तो काळ कमी होणार नाही. काम सुरू झाल्यावर मध्येच शंकांच्या उत्तरांसाठी अडत असेल, तर प्रॉडक्ट ओनरचा अधिकार आणि उपलब्धता हा प्रश्न सोडवावा. आणि अवचित आलेल्या कामाचा वाटा पाव हिश्श्याहून मोठा असेल, तर ते काम सांभाळायला टीममधली दोन माणसे आळीपाळीने बाजूला काढल्याशिवाय स्प्रिंट सुरू करू नयेत.

एका टीमवर एक तिमाहीभर पद्धत चालवून पाहावी, आणि त्या काळात चार गोष्टी मोजाव्यात: किती वेळा रिलीज झाली, बदल सुचल्यापासून ग्राहकापर्यंत पोचायला किती काळ लागला, किती रिलीजनंतर बिघाड झाला, आणि बिघाड दुरुस्त व्हायला किती वेळ लागला. हे आकडे वार्षिक मूल्यमापनात कोणाच्याही नावापुढे लावले जाणार नाहीत, असे एचआरकडून लेखी घ्यावे. अन्यथा दुसऱ्या महिन्यापासून ते खरे राहणार नाहीत.

खर्चाचा विचार शेवटी. स्क्रमची मार्गदर्शिका आणि शेप अपचा मजकूर विनामूल्य आहे. प्रमाणपत्रांत फरक आहे: स्क्रम डॉट ऑर्गचे पीएसएम एकदा मिळाले की कायम राहते आणि त्यासाठी वर्ग करण्याची सक्ती नाही, स्क्रम अलायन्सच्या सीएसएमला प्रशिक्षण अनिवार्य आहे आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण लागते, सेफची प्रमाणपत्रे दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावी लागतात. क्लायंटच्या निविदेत अट असेल तर तेवढ्या माणसांची प्रमाणपत्रे घ्यावीत. उरलेल्या रकमेतून आपोआप टेस्ट चालवणारे सर्व्हर घ्यावेत, आणि टीममधल्या दोन अनुभवी डेव्हलपरांना तिमाहीभर बिलिंगमधून मोकळे करून ती यंत्रणा उभी करायला लावावी.